मॅकग्रेगर: पुसून टाकलेल्या आडनावाची गोष्ट

मंडळी, शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज तिथं येऊन थडकली. होळकरांनी तहात खान्देश सोडला होता, पण किल्लेदार ऐकेना. दिंडी दरवाजातून काही इंग्रज अधिकारी आत शिरले आणि तिथंच कापाकापी झाली. हिस्लॉपने नंतर किल्लेदाराला फासावर चढवलं. तो संतापजनक विषय वेगळा, आज तिकडे जात नाही. मला हवाय तो आत शिरलेला एक लेफ्टनंट कर्नल. तलवार उपसायच्या आतच त्याच्या अंगात कट्यारी घुसल्या, तरी तो जगला. त्याचं नाव इव्हान मॅकग्रेगर मरे.

मॅकग्रेगरही आडनाव आणि मरेही आडनाव. एका माणसाला दोन कशी?

मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. आपण मधे बापाचं नाव लावतो, ते दर पिढीला बदलतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक लोकांनी एक पूर्वज धरला आणि त्यालाच पुढे चालवलं. हा ग्रेगर कोण? परंपरा त्याला अल्पिन राजाचा मुलगा ठरवते. कुळाचं ब्रीदच आहे, ‘राजवंशी माझं कुळ’. कागद मात्र चौदाव्या शतकातल्या ग्लेनऑर्कीच्या दरीपलीकडे जात नाहीत. वंशावळ लिहिणारे भाट सगळीकडे सारखेच उदार!

खरी अडचण जमिनीची होती. मॅकग्रेगर पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिले, पण सनद नव्हती. सनदा मिळाल्या शेजारच्या कॅम्बेल घराण्याला. हळूहळू हे आपल्याच दऱ्यांत उपरे झाले. मग गुरं पळवणं, मारामाऱ्या, सूड. लोक त्यांना ‘धुक्याची लेकरं’ म्हणायला लागले. ऐकायला गोड वाटतं, पण त्याचा अर्थ बेघर.

लॉख लोमंडच्या काठी कहून नावाचं कुळ होतं. 1602 च्या डिसेंबरात मॅकग्रेगरांनी त्यांच्यावर धाड घातली. तेव्हा कहूनांच्या बायका रक्ताळलेले सदरे काठ्यांवर लावून स्टर्लिंगला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्यासमोर गेल्या, असं सांगतात. त्यातले बरेचसे मेंढीच्या रक्तात बुडवलेले होते, अशीही कुजबुज आहे. राजाने कहूनांना हत्यार उचलायची मुभा दिली. 7 फेब्रुवारी 1603 ला ग्लेन फ्रुइनच्या दरीत लढाई झाली आणि त्यात कहूनच कापले गेले.

त्याच सुमारास लंडनची गादी जेम्सकडे आली. निघायच्या तयारीत असताना, 3 एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नावच रद्द. जो ते सोडणार नाही, त्याला मरण. पुढच्या हुकमांत तर चौघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही आणि जवळ फक्त मांस कापायची बिनटोकाची सुरी ठेवायची, इथवर मजल गेली.

कुळप्रमुख ॲलिस्टरची गोष्ट ऐका. ‘तुला सुखरूप इंग्लंडला पोचवतो’ असा शब्द अर्गाइलच्या उमरावाने, म्हणजे कॅम्बेलांच्या म्होरक्याने, त्याला दिला. शब्द पाळलाही! शिपायांनी त्याला सरहद्दीपलीकडे नेलं, इंग्लंडच्या मातीवर उभं केलं आणि तिथूनच परत फिरवलं. 20 जानेवारी 1604 ला एडिंबरोत त्याला फाशी झाली. मान म्हणून की टोमणा म्हणून कोण जाणे, त्याचा फास बाकीच्यांपेक्षा एक पुरुष उंच बांधला होता.

उरलेल्यांनी मिळेल ते आडनाव घेतलं. मरे, ग्रॅहम, ड्रमंड, स्ट्युअर्ट आणि चक्क कॅम्बेलसुद्धा! ज्यांनी जमीन गिळली त्यांचंच नाव दारावर. म्हणूनच स्कॉटिश वंशावळी शोधणाऱ्याने सतराव्या शतकातल्या आडनावावर डोळे मिटून विसंबू नये. 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, 1693 मध्ये ती परत आली. या दुसऱ्या बंदीत याच कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय सापडला. कागदावर तो सही करायचा आपल्या आईच्या माहेरच्या आडनावाने, आणि ते होतं कॅम्बेल.

बंदी कायमची उठली ती 1774 मध्ये. मग प्रश्न आला, प्रमुख कोण? 826 मॅकग्रेगरांनी सह्या करून एकाला निवडलं. तो कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी केलेला जॉन मरे. इव्हान हा त्याचाच मुलगा. घराण्याने जुनं नाव आधी नुसतं पुढे जोडून पाहिलं, जसं आपण भिजलेल्या दगडावर आधी पाय ठेवून बघतो. थाळनेरच्या दरवाजात पडला तेव्हा इव्हान त्या अवस्थेत होता.

1822 मध्ये त्याने राजाचा परवाना घेऊन मरे काढून टाकलं. त्याच ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. किल्ल्यातून स्कॉटलंडचा मुकुट आणि राजदंड वाजतगाजत राजवाड्यात न्यायचे होते. त्यांच्या पहाऱ्याला इव्हान मॅकग्रेगरची माणसं होती, आणि या वेळी त्यांच्या हातात टोक असलेली हत्यारं होती.