सांडपाण्यापर्यंत जाणारी क्षेत्रभेट

[दृश्य: जलशुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा]

सहा काचपात्रं. सहांतही सारखंच गढूळ पाणी, फक्त तुरटीची मात्रा वेगवेगळी. पाती आधी जोरात फिरतात, मग संथ. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून गाळ खाली बसतच नाही. तुरटी हा भार घालवते. कण एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता पाण्यात कापसासारखे पुंजके तरंगू लागतात. विद्यार्थी वाकून पाहतायत. नोंदवहीतला पहिला प्रश्न आहे : सर्वांत कमी तुरटीत कोणतं पाणी नितळ झालं? नदीला पूर आला की याचं उत्तर बदलतं, म्हणून ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

त्यानंतर वाळूचे थर, मग क्लोरीन. नळाशी पोचेपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बहुतेक क्षेत्रभेटी इथंच आटोपतात. धरण पाहिलं, शुद्धीकरण पाहिलं, झालं. पण शहराच्या पाण्याचा भूगोल इथं जेमतेम अर्ध्यावर येतो. नळातून आलेलं बहुतेक पाणी काही वेळात मोरीतून, संडासातून पुढे जातं. मुलांनी त्याच्या मागे जायलाच हवं.

[दृश्य: सांडपाणी प्रक्रिया केंद्र]

दारातच वास येतो. काही जण नाकाला रुमाल लावतात, आणि ते साहजिकच आहे. जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक, केसांचे गुंते अडकलेत. पुढच्या टाकीत तपकिरी पाणी खदखदतंय, पण ते गरम नाही. खालून हवा सोडलीय, ती तिथल्या जिवाणूंसाठी. सांडपाण्यातली घाण हेच त्यांचं अन्न. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिलं, की जिवाणूंनी भरलेला हा गाळ फेकून न देता पुढच्या सांडपाण्यात मिसळला, तर आठवड्यांचं काम तासांत होतं. जगभरातल्या असंख्य शहरांचं सांडपाणी आजही याच पद्धतीनं स्वच्छ होतं.

पुढे काय करायचं, हे शहरानं ठरवायचं असतं. नामिबियाची राजधानी विंडहोक कोरड्या पठारावर आहे. बारमाही नद्या दूर, देशाच्या सीमांवर. तिथं १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. सिंगापूरनं २००३ मध्ये असं पुनर्शुद्ध पाणी पुरवायला सुरुवात केली. त्यातलं बरंचसं कारखान्यांना जातं, आणि कोरड्या दिवसांत काही जलाशयांत सोडतात.

टंचाई आल्यावर जाग आली, तर निवड फार थोडी उरते. २०१८ च्या फेब्रुवारीत केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. जुन्या फ्लशला एका वेळी साधारण ९ लिटर लागतात. या ५० लिटरमध्ये आंघोळ, स्वयंपाक, कपडे कसे बसवायचे, याचा हिशेब मुलं केंद्राच्या आवारात बसून मांडतात. बेरीज पहिल्या फटक्यात जमत नाही. खाडाखोड होते, वाद होतात. अशी गजबज वर्गात क्वचितच दिसते!

[दृश्य: जमिनीवर पसरलेला शहराचा नकाशा]

जलवाहिन्यांच्या निळ्या रेघांशेजारी आता सांडपाण्याच्या तपकिरी रेघाही आल्यात. प्रक्रिया झालेलं पाणी जिथं सोडतात, त्या ठिकाणी खूण करायची आणि आसपासच्या बागा, कारखाने, बांधकामं हेरायची. मग केंद्राच्या अभियंत्यांना विचारायचं : रोज इथून किती पाणी बाहेर पडतं, आणि त्यातलं किती पुन्हा वापरलं जातं?