पंचावन्न मासे

सभागृहातील सर्व ज्येष्ठांना आणि मित्रमैत्रिणींना नमस्कार. संयोजकांनी आजच्या व्याख्यानाचा विषय ‘संगणकावर चित्रे काढणाऱ्याने हातकामातून काय घ्यावे’ असा जाहीर केला आहे, आणि त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. त्याआधी एका संख्येविषयी बोलण्याची परवानगी असावी, कारण गेली तीन वर्षे ती माझ्या मनातून हललेली नाही. ती संख्या आहे ५५.

दशावतारी गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या, संचात १२० गोल पाने असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, वामनाच्या रंगात कमंडलू, परशुरामाच्या रंगात परशू. आता एकपासून दहापर्यंतच्या संख्यांची बेरीज करून पाहावी. एका रंगात ५५ चिन्हे होतात आणि दहा रंगांत ५५०. राजा आणि प्रधान यांची वीस चित्रे त्याखेरीज. म्हणजे एक संच पूर्ण करायचा असेल, तर चिताऱ्याला ५५ मासे, ५५ कासवे, ५५ परशू काढावे लागतात, आणि त्यांतला प्रत्येक मासा हा नव्याने काढलेला मासा असतो. मी स्वतः बारा वर्षे टॅबलेटवर, हातात स्टायलस धरून, पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढत आले आहे. हे काम माझ्याकडे आले असते, तर मी एक मासा काढला असता आणि उरलेले ५४ दोन बोटांनी उमटवले असते.

माझ्याकडे तसे काम एकदा आलेही होते, आणि ती हकिगत मला थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. समुद्रावरच्या एका बालपुस्तकासाठी, कोणत्या प्रकाशनगृहाच्या ते महत्त्वाचे नाही, मला दोन पानभर पसरलेला माशांचा थवा काढायचा होता. मी तीन मासे काढले, त्यांना उलटे केले, लहानमोठे केले, रंग थोडे बदलले आणि अर्ध्या दिवसात थवा तयार झाला. चित्र परत आले. सोबत संपादकांची सूचना होती, की चित्र सुंदर आहे, पण त्यात ‘हाताचा स्पर्श’ नाही, तो आणावा. मी ब्रशची सेटिंग बदलली. ज्यांना या साधनांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते : संगणकातल्या ब्रशला असे सांगता येते, की रेघेची जाडी, कोन आणि अंतर आपल्या मनाने थोडे कमीजास्त करीत जा. तसे केल्यावर रेघ थरथरल्यासारखी दिसते. त्यावर मी जुन्या कागदाचा पोत टाकला आणि कडा किंचित फाटल्यासारख्या केल्या. चित्र पुन्हा परत आले, त्याच सूचनेसह. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी अत्यंत घाईत ते स्वीकारले गेले, पुस्तक छापून आले, आणि ते दोन पानांचे चित्र मी आजही उघडून पाहू शकत नाही. त्या वेळी मला त्या सूचनेचा राग आला होता, कारण मागणी करणाऱ्याला आपण काय मागत आहोत हे सांगता येत नव्हते आणि त्या चार फेऱ्यांचे मानधनही मिळाले नाही. मानधनाविषयीची माझी तक्रार अजून कायम आहे. परंतु सूचना खरी होती, हे कबूल करायला मला सावंतवाडीला जावे लागले.

सावंतवाडीला मी गेले ती लाकडी खेळणी पाहायला. चितारआळीतून फिरून मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेले, आणि तेथे कारागीर गंजिफा रंगवत बसलेले पाहिले. पुढे त्याच गावात, हे काम वर्षानुवर्षे केलेल्या एका ज्येष्ठ बाईंच्या घरी मी तीन पावसाळे शिकायला जात राहिले. त्यांना सगळे काकी म्हणतात. मीही काकीच म्हणते, आणि नाव जाहीर करायला त्यांची परवानगी नाही.

पहिल्याच दिवशी मी एक मासा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ह्यो खंयचो मासो गो?” मालवणी मुलखात हा प्रश्न गंभीर असतो. बांगडा, सुरमई, पापलेट, तारली यांतला तो कोणताच नव्हता; तो फक्त ‘मासा’ या शब्दाचे चित्र होता. मी म्हटले, की काकी, तुमच्या पानावरचा मासा तरी कोणता आहे? त्यांनी शांतपणे सांगितले, की तो गंजिफाचा मासा आहे. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला पुढचे कित्येक महिने लागले.

मी समजत होते, की पहिला मासा पूर्ण करायचा, मग दुसरा, मग तिसरा. काकींनी तसे करू दिले नाही. दहाही पाने मांडायची, कुंचला एका रंगात भिजवायचा आणि सगळ्या माशांची फक्त अंगे काढायची. ते वाळले की सगळ्यांच्या शेपट्या. मग सगळ्यांचे कल्ले, मग खवल्यांची बारीक रेघ, आणि अगदी शेवटी ५५ डोळे. म्हणजे तेथे मासा ५५ वेळा काढला जात नाही, तर पाठीचा बाक ५५ वेळा काढला जातो. पहिल्या सहा अंगांपर्यंत, म्हणजे तिर्री होईपर्यंत, मी आधी बाह्यरेषा काढून आत रंग भरत होते. दहाव्या-बाराव्यानंतर बाह्यरेषेचा कंटाळा आला. पंजी आणि छक्कीच्या दरम्यान केव्हातरी असे झाले, की भरलेला कुंचला टेकवला, दाबला, ओढला आणि उचलला, आणि माशाचे अख्खे अंग एका हालचालीत उतरले : दाबलेल्या जागी पोट, उचललेल्या जागी शेपटीकडचा निमुळता भाग. मी आनंदाने मोजू लागले, की असे किती जमले. काकी मान वर न करता म्हणाल्या, “मोजू नको गो, काढीत रव.” दश्शीवरचे दहा मासे, म्हणजे सेहेचाळिसावा ते पंचावन्नावा, मी बोलता बोलता काढले, आणि ते वाळल्यावर पाहिले तेव्हा ते त्यांच्या माशांसारखे दिसू लागले होते. मी त्यांची नक्कल करीत नव्हते. तोच कुंचला, तीच गोलाई आणि तेवढीच संख्या मलाही त्याच वळणावर घेऊन आली होती.

वळण हाच शब्द मी येथे मुद्दाम वापरते आहे. ज्यांनी लहानपणी पाटीवर कित्ता गिरवला आहे, त्यांनी कृपया हात वर करावेत. पाहा, निम्म्याहून अधिक सभागृह. आपल्या भाषेत अक्षराला ‘वळण’ असते, हाताला ‘वळण लागते’, आणि ते लागण्यासाठी अक्षर ‘गिरवावे’ लागते. गिरवणे म्हणजे प्रत काढणे नव्हे. प्रत काढताना मूळ वस्तू जशी आहे तशी दुसरीकडे जाते आणि मधल्या माणसात काहीच बदलत नाही. गिरवताना पाटीवरचे अक्षर पुसून जाते आणि बदललेला हात उरतो. मोडी लिपीचेच पाहावे. कारकून आधी कागदभर शिरोरेघा आखून घेत आणि मग त्यांच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता मजकूर लिहीत जात. त्या घाईतून आणि त्या अपार मजकुरातून मोडीच्या अक्षरांना त्यांचे गोल, जोडलेले रूप आले. कोणी एकाने बसून त्या प्रत्येक वळणाची रचना आखली नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे, की चित्रातली शैलीही अशीच येते. ती कल्पनेतून येते असे आपण कलाशाळेत शिकतो. मला ती संख्येतून येताना दिसली. गंजिफाचा मासा मोजक्या स्पर्शांत संपतो, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या हजारो वेळा काढला गेला आणि अनावश्यक रेघ दर वेळी थोडी गळत गेली. त्यात खेळणाऱ्याचाही वाटा आहे. तिघेजण खेळायला बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. ती हातात पसरली, की प्रत्येक पानाची केवळ कड दिसते, म्हणून रंगानुसार पानाची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, वेगळी. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, त्यामुळे चिन्हे एका नजरेत मोजता आली पाहिजेत. दिवसा रामाच्या रंगाने डाव सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या; म्हणजे हा खेळ दिव्याच्या उजेडातही चालत असे आणि त्या उजेडात गुंतागुंतीचा मासा निरुपयोगी होता.

येथे इतिहासाकडे थोडे वळते, कारण त्याशिवाय माझी काळजी समजणार नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन अबुल फझलने केले आहे. पुढे हा खेळ देशभर पसरला आणि ओडिशात, बंगालमधील विष्णुपुरात व आपल्याकडे सावंतवाडीत त्याने दशावतारांचे रूप घेतले. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा, ही त्याची जुनी रीत. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर गंजिफांना गिऱ्हाईक उरले नाही. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेकडे लक्ष दिले, तेव्हा ती येणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलाकार तेवढे उरले होते. राजदांपत्य स्वतः त्यांच्याकडे शिकले आणि मग इतरांना शिकवण्याची व्यवस्था त्यांनी केली. जुने संच संग्रहालयांतून होते, त्यांची छायाचित्रे घेता आली असती. पण छायाचित्रात मासा मिळतो. कुंचला कोठे दाबला आणि केव्हा उचलला, ते शेजारी बसूनच घ्यावे लागते. एक माणूस आणखी काही वर्षे आधी गेला असता, तर आपल्याकडे माशांचे पुरावे राहिले असते आणि मासा काढणारा हात राहिला नसता. या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो योग्य आहे, की जुने कलाकारही नकलेची साधने वापरत होतेच. भिंतीवर चित्र काढणारे कागदावरच्या आकृतीला टोचे मारीत आणि त्यावरून कोळशाची पूड झटकून खाका उतरवीत. मला हे मान्य आहे. परंतु खाक्याने जागा मिळते, रेघ मिळत नाही. ठिपक्यांवरून रेघ प्रत्येकाला आपल्याच हाताने ओढावी लागते. संगणकाने उमटवलेल्या माशात ओढायचे काही उरतच नाही. आणि ब्रशच्या सेटिंगने आणलेली थरथर? माझ्या त्या थव्यातला प्रत्येक मासा दुसऱ्याहून वेगळा होता, तरी पहिला आणि शेवटचा यांत काही घडलेले नव्हते. काकींसमोर काढलेल्या माशांत पहिला भित्रा आहे, विसावा धीट आहे आणि पन्नासावा मोकळा आहे; त्यांच्या वेगळेपणाला दिशा आहे. त्या संपादकांना बहुधा हेच हवे होते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेल्या विषयाला मी आता कोठे पोहोचते आहे, क्षमस्व. म्हणून थोडक्यात सांगते. मी संगणक सोडलेला नाही आणि सोडणार नाही, कारण माझे पोट त्यावर चालते आणि मला ते साधन आवडते. बदलले ते एवढेच, की चित्रात एकच वस्तू अनेकदा यायची असेल, पाने, कौले, पाखरे, माणसांची गर्दी, तर मी ती स्क्रीनवरही पुन्हा पुन्हा काढते, आणि काकींच्या क्रमाने काढते : आधी सगळ्यांची अंगे, मग सगळ्यांचे पंख. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले स्वतंत्र थर, येथे फार उपयोगी पडतात, कारण एका लेयरवर एकच हालचाल ठेवता येते. वेळ वाढतो, पण भीती वाटते तेवढा नाही. मागच्या पुस्तकातले कौलारू छप्पर मला दीड दिवस घेऊन गेले, आणि ते एकदाही परत आले नाही.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘स्वतःची शैली शोधा’ असे सांगू नये. त्यांना एक पान, एक पक्षी, एक भांडे द्यावे आणि ५५ वेळा काढायला लावावे, सगळी पाने क्रमाने भिंतीवर लावावीत आणि कोणत्या रेघा गळाल्या ते त्यांनाच शोधू द्यावे. काम देणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. हाताचा स्पर्श हवा असेल, तर हाताला लागणारे दिवस करारात लिहावेत आणि त्यांचे पैसे द्यावेत. तो शेवटच्या फेरीत वरून शिंपडता येत नाही. या मुद्द्यावर मला पुष्कळ बोलायचे होते. प्रश्नोत्तरांत अवश्य विचारावे.

माझा संच अजून पूर्ण झालेला नाही. मत्स्य झाला आहे आणि कूर्माच्या सत्तीपर्यंत आले आहे, म्हणजे २८ कासवे झाली; कासवाची पाठ अजून माझ्या हाताला सापडलेली नाही, आणि काकी म्हणतात ती नव्वीला सापडेल. मत्स्याची सगळी पाने मी आज सोबत आणली आहेत. येथे टेबलावर एक्क्यापासून दश्शीपर्यंत ओळीने मांडते आहे. जरूर हातात घेऊन पाहावीत, फक्त कडेला धरावीत, कारण लाखेवर बोटांचे ठसे उठतात.