एकाच स्क्वाड्रनचे तिघे

पहाटेचं खडकवासला. धरणाच्या पाण्यावर अजून धुकं आहे, पलीकडे सिंहगड. रस्त्याने रांगेत सायकली येताहेत. कुणी बोलत नाही, ऐकू येते ती फक्त चेनची खरखर. यातला कोण उद्या रणगाड्यात बसणार, कोण पाणबुडीत उतरणार, कोण लढाऊ विमान उडवणार, हे लांबून पाहून ओळखून दाखवा! राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, आपल्या एनडीएचं, सगळं मर्म यातच आहे.

समोर घुमट दिसतोय तो सुदान ब्लॉकचा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान सुदानच्या रक्षणासाठी लढले, रक्त सांडलं. त्या उपकाराची जाण ठेवून सुदानने १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या वास्तूला लागले. तिन्ही दलांचं एकत्र शिक्षण मात्र त्याआधीच, जानेवारी १९४९मध्ये देहरादूनला सुरू झालं होतं. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी इथे कोनशिला बसवली, आणि १९५५च्या जानेवारीत प्रबोधिनी खडकवासल्याला नांदू लागली.

आता हे हात पाहा. पीकॉक बेवर, म्हणजे धरणाकाठच्या नौकानयन तळावर, शिडाचा दोर खेचणारे, तळव्याला घट्टे पडलेले. हे हात भूदलाच्या कॅडेटचे आहेत. आणि तिकडे घोड्यावर मांड ठोकून बसलाय तो नौदलाचा. कोण कुठल्या दलात जाणार ते ठरलेलं असतं, पण स्क्वाड्रन, म्हणजे एकत्र राहणारा गट, एकच, मेस एकच आणि शिक्षाही एकच. तीन वर्षं असं एकत्र घाम गाळलेल्या माणसांना पुढे एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. २०१९ सरताना जनरल नरवणे, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिन्ही दलप्रमुख इथल्या एकाच, ५६व्या तुकडीचे होते. २०२०मध्ये तिन्ही दलांसाठी मिळून संरक्षण दल प्रमुख हे पदही आलं.

खेत्रपाल परेड ग्राउंड. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, याच प्रबोधिनीत घडले आणि १९७१च्या युद्धात बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. परमवीरचक्राचे मानकरी. वय अवघं २१.

३० मे २०२५च्या दीक्षान्त संचलनात याच मैदानावरून पहिल्या १७ मुलीही बाहेर पडल्या.

बँडची लय संथ होते. पांढरे हातमोजे, चकचकीत बूट. समोर ‘अंतिम पग’, इथल्या शेवटच्या पावलाची खूण. तिघं शेजारी शेजारी तो ओलांडतात. इथून एक देहरादूनला भूदलाच्या अकादमीत जाईल, एक एझिमलाला नौदलाच्या, एक दुंडिगलला हवाई दलाच्या.