वळचणीखालची दहा मिनिटं

(दृश्य: सकाळ. पत्र्याच्या शेडची सावली, खाली भुरभुरीत माती.)

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर बसून निसर्गातलं काही वहीत टिपायचं असेल, तर सकाळी सातच्या आत बसा. नऊला पत्रा तापतो, पाखरं सावली धरतात आणि घामाचे थेंब वहीवर पडायला लागतात. शाईचा पेन म्हणूनच नको, पेन्सिल बरी. खिशात मावेल अशी वही, पंधरा सेंटिमीटरची पट्टी आणि दहा रुपयांचं एक नाणं, बस्स.

सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, नान्नजचं माळरान, बघायला जागा पुष्कळ. पण वहीची सुरुवात तिथून करू नका. लांब गेलेला माणूस मोठं काहीतरी दिसायची वाट बघत बसतो. माळढोक पक्षी काही दर्शन देत नाही आणि वही कोरीच घरी येते. त्यापेक्षा जिथं रोज दहा मिनिटं टेकता येईल, अशी वळचण शोधा.

(दृश्य: अगदी जवळून. मातीत नरसाळ्यासारखे चार खड्डे.)

पावसाचा थेंब पोचत नाही अशा कोरड्या, बारीक मातीत हे खड्डे हमखास सापडतात. काठ गोल, तळ निमुळता. पट्टी आडवी धरून तोंड मोजा: कुठं दोन सेंटिमीटर, कुठं चार. फोटो काढणार असाल तर शेजारी नाणं ठेवा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप नंतरही काढता येतं. मात्र ते चार बोटं लांब ठेवा. काठाला टेकवलं की खड्डा ढासळलाच.

आता पानावर मधोमध एक रेघ ओढा. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’.

दिसलं: ६.४०. मुंगी काठावरून घसरली. तीनदा वर चढली. तळातून माती उडाली. चौथ्यांदा मुंगी दिसली नाही.

वाटलं: आत कुणीतरी आहे.

‘मुंगी घाबरली’ हे वाक्य डावीकडे आलं की नोंद बिघडली. आणि घाई झाली म्हणून स्वतः मुंगी उचलून आत टाकू नका; मग ती नोंद खड्ड्याची राहत नाही, तुमची होते.

(दृश्य: गवताची काडी काठाला हलकेच लागते. तळातून मातीचे कण उडतात.)

कण उडवणारी ती एक अळी आहे. तळाशी मातीत दडते, वर फक्त विळ्यासारखे दोन जबडे. उलटी चालत, गोल फिरत, चपट्या डोक्यानं माती बाहेर फेकत ती हा खड्डा खणते. कोरड्या मातीचा उतार जितका तीव्र टिकू शकतो, तितकाच ती ठेवते, म्हणून मुंगीच्या पायाखालचा प्रत्येक कण सरकतो. माती ओली झाली की कण एकमेकांना धरतात आणि सापळा निकामी होतो. वळचण लागते ती यासाठी. शिकार शोषून झाली की रिकामं टरफल बाहेर भिरकावलं जातं. काठाबाहेर ती टरफलं मोजा. पुढं हीच अळी कोष करते आणि चतुरासारखी पंखवाली होऊन उडते. इंग्रजीत हिला अँटलायन म्हणतात. तुमच्या आजीकडे वेगळं नाव असेल तर वहीत तेच लिहा, पण सगळ्यात शेवटी. नाव आधी लिहिलं की बघणं तिथंच थांबतं.

शेत जवळ असेल तर काळ्या रानातली एक भेग निवडा, शेजारी दगड ठेवा, दर रविवारी रुंदी मोजा. चिकण माती वाळली की आकसते, भिजली की फुगते. पावसानंतर तीच भेग शोधावी लागते. दगड त्यासाठीच.

(दृश्य: ओली माती. त्यावर मखमली लाल ठिपका चालतोय.)

सात जूनच्या सुमारास मृग लागतो. पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी मृगाचा किडा बाहेर पडतो. तळहातावर घेऊ नका, वाकून बघा. पाय मोजा. आठ. किड्यांना सहा असतात. हा कोळ्यांच्या गोतातला. डावीकडे ‘आठ पाय’ लिहा आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी तो कधी निघाला, ते याच पानाशी ताडून बघता येईल.