दुकानाचं नाव खरंच तुमचं आहे का? बोर्ड रंगवायच्या आधी हा व्हिडिओ बघा

नमस्कार मंडळी! आज गप्पा धंद्याच्या नावाबद्दल. म्हणजे बघा, तुम्ही मिसळीचं हॉटेल टाकताय, क्लाउड किचन काढताय, घरून मसाले नाहीतर दिवाळीचा फराळ विकताय, नाव ठरलं, भाच्याने मोबाईलवर लोगो करून दिला, शॉप अॅक्ट निघाला, फूड लायसन्स आलं, जीएसटी नंबर आला आणि मग डोक्यात पक्कं बसतं की चला, नाव आपलं झालं. तर तसं अजिबात होत नाही बरं का. शॉप अॅक्ट म्हणजे तुमचा धंदा आहे एवढीच नोंद, जीएसटी म्हणजे तुम्ही टॅक्स भरणार. उद्या कोथरूडात कुणी तेच नाव पाकिटावर छापून विकायला लागलं तर त्याला अडवायला यातला एकही कागद पुरत नाही. तिथे लागतो ट्रेडमार्क, म्हणजे धंद्याच्या नावावरचा कायदेशीर हक्क, आणि बहुतेकांना त्याची आठवण वकिलाची नोटीस हातात पडल्यावरच होते.

आता आपल्या पुण्यातलीच केस घेऊ. बर्गर किंग. कॅम्पातलं, आपलं पुण्याचं, ते अमेरिकेवालं नाही. हे आपलं १९९२ पासून चालू आहे. अमेरिकेतली कंपनी १९५४ ची, भारतात त्यांनी नाव रजिस्टर केलं १९७९ मध्ये, पण इथे पहिलं आउटलेट उघडलं थेट २०१४ मध्ये. त्यांनी पुण्याच्या कोर्टात दावा लावला २०११ ला. जुलै २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो दावा फेटाळला, म्हणाले पुणेवाले १९९२ पासून हे नाव वापरतायत, तेव्हा तुमची इथे रेस्टॉरंट तरी कुठे होती. झालं, सोशल मीडियावर 'पुणेकरांनी अमेरिकेला हरवलं' म्हणून नुसता धुमाकूळ. पण डिसेंबरमध्ये हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरू नका असा आदेश दिला, आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मीम्स टाकणारे यातलं पुढचं काही वाचत नाहीत. मला विचाराल तर यात कुणीच जिंकलेलं नाही, चौदा वर्षं तारखा, वकील, फाईली, आणि सगळं कशासाठी तर दोन शब्दांसाठी. पण त्यावरूनच कळतं ना की त्या दोन शब्दांची किंमत केवढी आहे! गिऱ्हाईक आत शिरतं ते त्या शब्दांवर विश्वास ठेवून.

यातून घ्यायची गोष्ट म्हणजे तारीख. आपल्या कायद्यात नुसतं आधी रजिस्टर कोणी केलं एवढंच बघत नाहीत, आधी वापर कोणी सुरू केला हेही बघतात. ट्रेडमार्कच्या फॉर्ममध्ये, टीएम-ए म्हणतात त्याला, एक कॉलमच असतो की हे नाव कधीपासून वापरताय. तिथे तुम्ही अमुक सालापासून लिहिलंत की सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. आणि इथे सगळे अडकतात, कारण पुरावा कुणी ठेवलेलाच नसतो. पहिलं बिलबुक, बोर्डवाल्याचं बिल, नारायण पेठेतल्या ज्या प्रेसमध्ये पाकिटं छापली त्यांचं चलन, पेपरात दिलेली छोटी जाहिरात, हे सगळं एका फाईलमध्ये घाला. आणि ती मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं असतात ना, थर्मल पेपरची, त्यांची लगेच झेरॉक्स काढा किंवा स्कॅन करा, वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडून जातात आणि कोरा कागद उरतो, तो घेऊन कोर्टात काय दाखवणार?

बरं, आता नाव कसं ठेवायचं. यावर मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. आपल्याकडे नाव म्हणजे काय, तर 'खमंग', 'चविष्ट', 'गावरान', 'पुणेरी' आणि पुढे मालाचं नाव. अहो, हे शब्द सगळ्यांचे आहेत. माल कसा आहे किंवा कुठला आहे एवढंच सांगणारा शब्द सहसा रजिस्टर होत नाही, कायद्याचं कलम ९ त्यासाठीच आहे. वर्षानुवर्षं वापरून तो शब्द तुमच्याच नावाने ओळखला जायला लागला तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करता करता केस पांढरे होतात. 'अमृततुल्य' घ्या. पुण्यात चहाचं दुकान म्हणजे अमृततुल्य, गल्लोगल्ली आहेत. तो शब्द एकट्याने अडवून ठेवायचा म्हटलं तर कसं जमेल, लोक एकमेकांना वेगळं ओळखतात ते त्याच्या पुढे-मागे लावलेल्या नावावरून.

आणि आडनावाचं काय? हा प्रश्न पुण्यात हमखास येतो. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा आडकाठी करत नाही, पण प्रामाणिकपणे हा शब्द महत्त्वाचा. आडनाव तेच, माल तोच, वर पाकिटही दुसऱ्याच्यासारखं दिसतंय, तर मग 'माझंच आडनाव आहे' हे किती टिकेल सांगता येत नाही.

अजून एक जुनी केस सांगते, मला फार आवडते. अमृतधारा नावाचं औषध होतं, पोटदुखी, डोकेदुखीवरचं, १९०३ पासूनचं. नंतर कुणीतरी लक्ष्मणधारा काढलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९६२ चा निकाल आहे. कोर्टाचं म्हणणं असं की साधं गिऱ्हाईक काही दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून अक्षरं तपासत नाही, त्याला नाव अर्धवट आठवत असतं, त्यामुळे गोंधळ होणारच. म्हणजे अमृतधारावाले जिंकले? पूर्ण नाही! कारण लक्ष्मणधारा विकलं जातंय हे माहीत असून ते बरीच वर्षं गप्प बसले होते, म्हणून मग लक्ष्मणधाराला नोंदणी मिळाली, फक्त उत्तर प्रदेशापुरती. आजही कायदा असाच आहे, दुसऱ्याचा रजिस्टर झालेला मार्क माहीत असून सलग पाच वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत तर नंतर ओरडायचा हक्क बहुतेक जातो. 'जाऊ दे, छोटा माणूस आहे' हे ठीक आहे हो, पण निदान एक पत्र तरी पाठवून ठेवा.

तर करायचं काय. आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर पब्लिक सर्च, फुकट आहे. नुसतं तेच स्पेलिंग शोधू नका, उच्चाराने शोधायचाही पर्याय आहे तो वापरा. ज्योतिषाने सांगितलं म्हणून मध्ये एक जादा 'ए' घातला की नाव वेगळं झालं असं ज्यांना वाटतं त्यांना नमस्कार, ऐकायला सारखं ते सारखंच, मग देवनागरीत लिहा नाहीतर इंग्रजीत. मग क्लास, म्हणजे माल आणि सेवांचे ठरवलेले गट. एकूण ४५ आहेत, पहिले ३४ मालाचे, बाकीचे सेवांचे. मसाले, फरसाण, चहा ३० मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. हॉटेलसाठी रजिस्टर केलंत आणि उद्या त्याच नावाने मसाला विकायला काढलात तर ३० मध्येही अर्ज लागेल. फी ऑनलाइन भरली तर एका क्लासला ४,५०० रुपये, एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर. छोट्या उद्योगाने त्यासाठी उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट काढून ठेवा. बाकीच्यांना ९,०००. त्यामुळे '९९९ मध्ये ट्रेडमार्क' वाली जाहिरात दिसली तर तो आकडा एजंटचा आहे, सरकारी फी वेगळी लागणार.

अर्ज केल्यावर स्टेटसमध्ये 'ऑब्जेक्टेड' दिसलं की लोक मला घाबरून फोन करतात. घाबरू नका, ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या शंका आहेत, एक महिन्यात उत्तर द्यायचं. 'अपोज्ड' दिसलं तर मात्र कुणीतरी बाहेरचा माणूस आडवा आलाय, ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये तुमचा अर्ज छापल्यावर त्यासाठी लोकांना चार महिने मिळतात, आणि त्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुम्ही उत्तर नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असंच धरतात. तोपर्यंत नावापुढे टीएम लावा, बिनधास्त. तो गोलातला आर, म्हणजे 'रजिस्टर्ड'ची खूण, मात्र सर्टिफिकेट आल्याशिवाय लावायचा नाही, ते बेकायदेशीर आहे, आणि मी डेक्कनवर फिरताना असे बोर्ड बघते तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. एकदा मिळालं की दहा वर्षं, मग पुढची दहा, रिन्यू करत राहायचं, नाव कायम तुमचं.

कुठला क्लास लागेल विचारायचं असेल तर कमेंटमध्ये फक्त धंदा काय आहे ते लिहा, नाव लिहू नका हं, अर्ज जायच्या आधी चारचौघांत नाव कशाला उघड करताय!