तुमच्या वहीत माझं नाव आहे का?

नमस्कार मंडळी.

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला 'परदेशातलं संस्थाजीवन' असा विषय दिला होता. मी टिपणंही काढली होती. पण फेब्रुवारीत आमच्या विहीणबाई गेल्या आणि त्यानंतर माझ्या नातीने एक प्रश्न विचारला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. म्हणून आज तेवढंच बोलते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विहीणबाईंना पाहिलंय. लेकीच्या लग्नात नऊवारी नेसून मंगलाष्टकांना हट्टाने उभ्या राहिल्या होत्या, त्याच. माहेर-सासर दोन्ही हंगेरियन, आजोबा कोळशाच्या खाणीत. त्या हंगेरियन लोकांच्या एका विमा संस्थेच्या शाखेच्या सचिव होत्या, जवळजवळ तीस वर्षं. आम्ही त्यांचं स्वयंपाकघर आवरत होतो. शेवया लाटायच्या पाटाखालच्या खणात शाखेची जुनी वही सापडली. कापडी बांधणी, कडा पिवळ्या पडलेल्या. सुरुवातीची पानं हंगेरियनमध्ये, पुढे इंग्रजीत. नाव, जन्मगाव, दरमहाची वर्गणी आणि शेवटच्या रकान्यात माणूस गेल्यावर पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव. काही नावांपुढे पेन्सिलीने 'बेटेग' लिहिलेलं. जावई म्हणाले, बेटेग म्हणजे आजारी. म्हणजे या महिन्यात वर्गणी मागायची नाही, उलट घरी जाऊन पैसे देऊन यायचे.

वहीत एक नवं पाकीट होतं. माझ्या नातीच्या नावाचं प्रमाणपत्र. ती जन्मली त्याच वर्षी विहीणबाईंनी तिला सभासद करून घेतलं होतं, लहान मुलांची छोटी पॉलिसी असते ती. नऊ वर्षांची पोर. हंगेरियनचा एक शब्द येत नाही, मराठी मात्र खणखणीत बोलते. तिने ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "आजी, या वहीत माझं नाव आहे. तुमच्या मंडळाच्या वहीत आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण आपल्या मंडळाच्या वहीत ती नाही. आपल्याकडे ती 'वय 5 ते 12, अर्धं तिकीट' आहे.

विहीणबाईंच्या त्या संस्थेची गोष्ट थोडी सांगते, कारण ती इथलीच आहे, याच पेनसिल्व्हेनियातली. 1886 साली हेझल्टनला 13 हंगेरियन खाणकामगारांनी एकत्र येऊन मदत संघ काढला. मायदेशातल्या ज्युला वेरहोवाय या लोकप्रतिनिधीचं नाव त्याला दिलं. या माणसांना इंग्रजी येत नव्हतं. खाणीत माणूस गेला तर बाईमुलांना कंपनीचं घर सोडावं लागायचं आणि भरपाईचा कायदा तेव्हा नव्हता. 19 डिसेंबर 1907 ला पिट्सबर्गच्या आग्नेयेला जेकब्ज क्रीकजवळ डार खाणीत स्फोट झाला. 239 माणसं गेली, त्यात कितीतरी हंगेरियन. 71 जणांची ओळखच पटली नाही, त्यांना ऑलिव्ह ब्रँचच्या दफनभूमीत एकत्र पुरलं. विहीणबाई मला तिथे घेऊन गेल्या होत्या. गवत कापलेलं, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "यांच्या घरी कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं ना."

अशा संघांची सुरुवात सगळीकडे जवळपास सारखीच झाली. कोणी गेलं की प्रत्येकाने डॉलर काढायचा. शंभर सभासद असले तर विधवेला शंभर डॉलर. गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत आपल्या आजोबा-काकांनी हेच केलं. कोणी गेलं की पत्र्याचा डबा फिरायचा. पण यात एक खोट होती. सभासद म्हातारे होत गेले, मरणं वाढली, डॉलर वारंवार मागितला जाऊ लागला. तरुण म्हणाले, आम्ही कशाला भरायचं, आणि बाहेर पडले. मग उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढला. अमेरिकेतले कितीतरी भ्रातृसंघ, म्हणजे असेच मदत संघ, असे बुडाले. जे तगले त्यांनी मृत्युमानाचे तक्ते, म्हणजे कोणत्या वयात किती माणसं जातात याचे आकडे, वाचले, वयाप्रमाणे हप्ता ठरवला आणि गंगाजळी बाजूला ठेवली. चांगल्या मनाला हिशेबाची जोड दिली, म्हणून ते तगले.

मी आयुष्यभर विम्याच्या हिशेबात काम केलं. तरी या संस्थांचा कारभार मला खरा कळला तो विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात. इथे भागधारक नसतात. पॉलिसी घेतली की तुम्ही सभासद आणि सभासद हाच मालक. कायद्यानेच शाखा असाव्या लागतात, आणि कारभार निवडून दिलेल्या माणसांकडूनच चालवावा लागतो. शाखा आपले प्रतिनिधी निवडतात. प्रतिनिधींचं अधिवेशन चार वर्षांतून एकदा तरी भरलंच पाहिजे. ते संचालक निवडतं, घटना बदलतं. एका माणसाला एक मत, आणि दुसऱ्याच्या वतीने मत देता येत नाही. स्वतः यावं लागतं. विहीणबाई दोनदा प्रतिनिधी म्हणून गेल्या. घटनेच्या एका कलमावर अख्खी दुपार वाद झाल्याचं त्या अशा उत्साहाने सांगायच्या, जणू लग्नाची पंगत सांगताहेत.

आणखी एक कलम आहे, ते ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला होता. गंगाजळीला खड्डा पडला, तर संचालक मंडळ सभासदांकडून त्यांच्या वाट्याची तूट मागू शकतं. नाही भरली तर ती तुमच्या पॉलिसीवर कर्ज म्हणून चढते, व्याजासह. मालक म्हणवून घ्यायचं तर तूटही आपलीच. म्हणून ती माणसं हिशेब वाचतात.

आता आपल्याकडे येते. रागावू नका, मी तुमच्यातलीच आहे.

गेल्या महिन्यात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. सूचनेत नेहमीचं वाक्य होतंच: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. माझे वडील सांगलीला पतपेढीचे सचिव होते, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते अडचणीच्या वेळेसाठी लिहिलेलं वाक्य आहे, आणि आपण दरवर्षी त्याच्यावरच सभा चालवतो. त्या दिवशी आम्ही 22 जण होतो. जमाखर्च चार मिनिटांत मंजूर झाला. खजिनदार बिनविरोध, कारण दुसऱ्या कोणी नावच दिलं नाही. तासाभराने जेवणाच्या वेळी मात्र सभागृहात खुर्ची मिळेना. त्याआधीची तीन वर्षं मीही थेट जेवायलाच आले होते. त्याची मला लाज वाटते, आणि ती इथे बोलून दाखवायला हवी.

आपण कोरडी माणसं नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्यातला एक तरुण मुलगा अचानक गेला. बायको, लहान मूल, व्हिसा त्याच्या नोकरीवर. एका रात्रीत सगळ्या गटांवर निरोप फिरला, गोफंडमीवर पैसे आले, तिघी जणी रोज डबा घेऊन जात होत्या, पार्थिव पुण्याला गेलं. मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच वर्षी आणखी एक गृहस्थ गेले. साठी उलटलेले, एकटे, मंडळात फारसे न मिसळणारे. त्यांच्यासाठी कितीसं जमलं, आठवून बघा. फोटोत गोड बाळ नव्हतं. माणूस किती ओळखीचा आणि गोष्ट किती हळवी, यावर आपली मदत ठरते. विहीणबाईंच्या वहीत तसं नाही. लाडका असो की तिरसट, रकान्यात नाव आहे म्हणजे रक्कम ठरलेली. त्या विधवेला कोणापुढे डोळे पुसत उभं राहावं लागत नव्हतं. ती मदत नव्हती, तिचा हक्क होता. म्हणजे आपण अजून डॉलर काढायच्या पायरीवरच आहोत.

आपण विमा संस्था काढावी असं मी म्हणत नाही. त्याला परवाना लागतो, राखीव निधी लागतो, विमागणिती, म्हणजे हप्त्यांचं गणित मांडणारा तज्ज्ञ, लागतो, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण एक वही ठेवता येईल. कोण एकटं राहतं, कोणाला काही झालं तर कोणाला कळवायचं, आणि एक छोटा आपत्कालीन निधी, ज्याचे नियम आधी लिहिलेले असतील, सगळ्यांना सारखे असतील आणि जे सभेत वाद घालून ठरलेले असतील. हो, वाद घालूनच. आपण वादाला फार घाबरतो. गोडीगुलाबीने चालवू म्हणतो आणि मग दोन माणसांच्या खांद्यावर सगळं टाकून मोकळे होतो.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. 1955 मध्ये वेरहोवाय संघ आणि कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टचा असाच दुसरा हंगेरियन संघ, राकोत्सी, एक झाले आणि नवीन नाव ठेवलं विल्यम पेनचं, या राज्याच्या संस्थापकाचं. नावातून हंगेरी गेली. इतिवृत्तं इंग्रजीत आली. मुख्य कार्यालय आज पिट्सबर्गलाच आहे आणि सभासद व्हायला हंगेरियन असावं लागत नाही. संस्था टिकली. विहीणबाईंना विचारलं होतं, वाईट वाटतं का? त्या बराच वेळ शेवया कापत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईने वही हंगेरियनमध्ये लिहिली. मी इंग्रजीत लिहिली. लिहिली तरी." त्यांचं म्हणणं मला पटतं आणि पटत नाहीही. मराठी गेली आणि मंडळ राहिलं, तर ते मला चालेल का? मंडळच राहिलं नाही, तर मराठी कुठे बोलणार? रात्री जाग येते तेव्हा मी दोन्ही बाजूंनी भांडते.

माझी नात आत्ता मागच्या खोलीत मुलांबरोबर कोळीनृत्याची तालीम करतेय. येताना गाडीत तिने पुन्हा विचारलं, वहीचं काय झालं. मी म्हटलं, आज मंडळींना विचारते. घरी जायला चाळीस मिनिटं लागतात, आणि ती विसरणारी मुलगी नाही.