रेडकाचा प्रश्न

प्राण्यांच्या हक्कांवरून आपल्याकडे जे कडाक्याचे वाद होतात, ते बहुधा ज्या प्राण्यापासून आपल्याला काहीच मिळत नाही त्याच्याविषयी होतात, असे माझे पशुवैद्यकाच्या नोकरीतले निरीक्षण आहे. आपण मला आजच्या भाषणासाठी ‘प्राण्यांना हक्क असतात का?’ हा विषय दिला असला, तरी आधी या निरीक्षणाची वासलात लावल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंस्थेची सभा भटक्या कुत्र्यांवरून मध्यरात्रीपर्यंत चालली. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यांपासून दूर ठरवायची असते, शिवाय नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, हे एका गटाने वाचून दाखवले. दुसऱ्या गटाने कुत्रे चावलेल्या मुलांची छायाचित्रे दाखवली. दोन्ही बाजूंत थोडेथोडे खरे होते, आणि गृहसंस्थेच्या सभेत याहून अधिक सत्याची अपेक्षा ठेवू नये. मध्यंतरी चहा आला. तो दोन्ही गट एकदिलाने पीत असताना, ज्या म्हशीचे हे दूध आहे तिच्या रेडकाचे काय झाले असेल, असे मी विचारले. हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही, असे सांगून सचिवांनी तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात टाकला. पुढे इतिवृत्तात तो कोणाला दिसला नाही.

म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि साधारण निम्म्या वेळा नर जन्मतो. वगार वाढवली तर उद्या दूध देईल. नराचा मात्र शहराजवळच्या तबेल्यात उपयोग नसतो, कारण तिथे शेत नाही आणि चारा विकतचा असतो. त्याला मारावे लागत नाही, दूध पुरेसे पाजले नाही की काम होते. मग पान्हा चोरणाऱ्या म्हशीला ऑक्सिटोसिनचे, म्हणजे पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाचे, इंजेक्शन देणारेही मी पाहिले आहेत. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा जिथे घरोघरी भक्तीने सांगतात, तिथे हे चालते.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, दूध वाढवण्यासाठी फुका (जनावराच्या योनीत हवा फुंकून पान्हा सोडवण्याची रीत) किंवा अपायकारक इंजेक्शन दिल्यास कलम 12 खाली 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा 2 वर्षांपर्यंत कैद ठरवली गेली. जनावराला उपाशी ठेवल्यास मात्र कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. रेडकू या दुसऱ्या दरात बसते! फुक्याची माहिती कळल्यावर गांधीजींना दुधाची किळस आली होती. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि दूध सोडण्याच्या व्रताचा शब्द राहिला पण मर्म गेले, हे आत्मकथेत स्वतःच मान्य केले.

वेळ संपत आल्याची आजच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय आता घाईनेच मांडतो. प्राणी बोलतात की विचार करतात हे गौण असून त्यांना यातना होतात का हे पाहावे, असे इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये मांडले. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1975 मध्ये त्यावरून, समान हिताला समान वजन द्या, असा आग्रह धरला. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन 1983 मध्ये त्याहून पुढे गेले: प्राणी हे आपले साधन नव्हे, म्हणून वापर सुधारायचा नसून थांबवायचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलगाडा शर्यती थांबवताना प्राण्यांच्या प्रतिष्ठेची भाषा केली होती. 2023 मध्ये मात्र घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क मानण्याला आधार सापडत नसल्याचे म्हटले.

मी रेगन यांच्याइतका पुढे जात नाही, कारण वापर थांबला की गोठ्यातल्या जनावरांना सांभाळणार कोण, याचे उत्तर मला त्यांच्यात मिळत नाही. बेंथमची कसोटी मात्र टाळता येत नाही, आणि तिच्यापुढे भटका कुत्रा आणि रेडकू सारखेच ठरतात. म्हणून ज्याच्या आईचे दूध आपण घेतो, त्याच्या संगोपनाचा खर्च दुधाच्या भावात धरावा, एवढी माझी मागणी आहे. त्याने दूध महागेल. ते गरिबाच्या मुलाला परवडणार नाही हा आक्षेप खरा आहे, आणि त्या मुलाच्या वाट्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, रेडकाने नव्हे, असे मला वाटते.